डाउट म्हणजे शंका

बाभुळगाव
१७ ऑगस्ट २०२५

श्री. धर्मपाल नगराळे यांस,

जय भीम. त्याच्या आधी 'सप्रेम' लिहायची आपल्या घरची रीत आहे. ते आज माझ्याने लिहवत नाही.

तुमचे बरेच फोन येऊन गेले. मी तुमचा नंबर बंद केला आहे आणि यांनाही त्यांच्या फोनवरून बंद करायला लावला आहे, कारण तुम्ही फोनवर रडता. रडणाऱ्या माणसाला प्रश्न विचारता येत नाहीत. कागदावर विचारता येतात. उत्तरही कागदावरच पाठवा. लेस्टरला पोस्ट ऑफिस असेलच.

मला जे माहीत आहे ते लिहिते. चुकलं तर दुरुस्त करा.

माझा मुलगा संघर्ष जूनच्या शेवटच्या रविवारी तिकडे स्कॉटलंडमध्ये, डंडीत तापानं पडला. सोमवारी त्याच्या सोबतच्या मुलांनी त्याला दवाखान्यात नेलं. मेंदूज्वर निघाला. जवळचा नातेवाईक म्हणून त्यानं तुमचं नाव दिलं, कारण त्या सगळ्या मुलखात त्याला एकच नातेवाईक होता, मामा. तुम्ही वृद्धाश्रमातली ड्युटी टाकून रेल्वेनं रात्री तिथं पोचलात. ते मी नाकारत नाही. मंगळवारी पहाटे मला तुमचा फोन आला. मी विचारलं, "निघू का?" तुम्ही म्हणालात, "नको ताई. मी नर्सले विचारलं. तुले बोलवाची गरज पडल याचा तिले डाउट हाये. म्हणजे पडणार नाही. पोट्टा तगडा हाये, निघल यातून."

गुरुवारी पहाटे पोट्टा गेला.

जुलैत त्याचं पदवीदान होतं. त्यासाठी माझा व्हिसा आलेला होता. बॅग अर्धी भरून कपाटावर ठेवलेली होती. मंगळवारी नागपूरहून निघाले असते तर बुधवारी त्याच्या खाटेपाशी असते. त्याऐवजी मी शाळेत गेले आणि सातवीच्या वर्गाला इंग्रजीचे काळ शिकवले.

पेटीसोबत तुम्ही आलात तेव्हा मी तुम्हाला खांदा देऊ दिला नाही. सगळ्या वस्तीनं पाहिलं. त्याचं मला वाईट वाटलेलं नाही.

दोन प्रश्न आहेत. नर्स नेमकी काय म्हणाली? इंग्रजीतलं वाक्य जसंच्या तसं लिहा. आणि संघर्ष शेवटचं काय बोलला?

कौसल्या मुनेश्वर


बाभुळगाव
२१ सप्टेंबर २०२५

धर्मपाल,

तुम्ही-आम्ही पुरे. त्या भाषेत मला नीट रागवता येत नाही.

तुझं पत्र मिळालं. नर्सचं वाक्य तू लिहिलंस: "आय डाउट यू'ल नीड टू गेट हिज मम ओव्हर." ठीक. याचा अर्थ पाचवीतलं लेकरूही सांगल. त्याच्या आईला बोलवावं लागेल असं मला वाटत नाही. तू तेच समजलास, तेच मला सांगितलंस. मग पुढची दोन पानं कायले लिहिलीस?

तू लिहितोस, तुमच्या वृद्धाश्रमात एक स्कॉटलंडची म्हातारी आहे. तिच्यासमोर तू हे वाक्य म्हणून दाखवलंस आणि ती तुझ्याकडे पाहतच राहिली. तिच्याकडे म्हणे 'आय डाउट' म्हणजे 'मला वाटतं, होणार', आणि तेही वाईट काही होणार असेल तेव्हा. म्हणजे नर्स म्हणाली, आईला बोलवावंच लागेल असं दिसतंय. आणि तू ऐकलंस उलटं.

मी शाळेतला मोठा शब्दकोश काढून पाहिला. डाउट म्हणजे शंका. दुसरं काही नाही. वीस वर्षं मी पोरांना हेच शिकवत आली. तुलाही मीच शिकवलं. दहावीला तीनदा तुझी इंग्रजी राहिली तेव्हा कंदील लावून तुझ्यापुढे कोण बसत होतं? आता तू मला सांगतोस की साहेबाच्या देशातच एका गावचा डाउट दुसऱ्या गावात चालत नाही!

मान्य करते, तिकडची बोली निराळी आहे. संघर्षच्या तोंडी ती बसली होती. एकदा फोनवर म्हणाला, "आई, ठेवतो, मेसेजेस आणायला चाललो." मी म्हटलं, मेसेज आणायला बाहेर कायले जायला लागते? तो इतका हसला. मेसेजेस म्हणजे तिकडे किराणा. तापाच्या रविवारीही म्हणाला होता, "वी फीवर आहे गं, काही नाही." वी म्हणजे एवढासा. मी त्याला टोकलं, नीट इंग्रजी बोल म्हणून. त्याच्यासोबत माझं ते शेवटचं बोलणं.

पण किराण्याला मेसेज म्हणणं वेगळं आणि होला नाही म्हणणं वेगळं. तू मला समजावतोस की आपणही बांगडी फुटली की वाढली म्हणतो, निघताना येतो म्हणतो. मलाच शिकवतोस? बांगडी वाढली म्हणताना फुटलेले तुकडे समोर पडलेले असतात. ऐकणाऱ्याला दिसतात. तुझ्यासमोर काय होतं? माझ्या पोराचा चेहरा होता. नळ्या होत्या. वृद्धाश्रमात तू रोज मरणारी माणसं पाहतोस, धुतोस, कपडे घालतोस. तुले तो चेहरा वाचता आला नाही?

मला काय वाटतं ते सांगते. तुला नोकरीची भीती होती. मी आली असती तर तुला रजा वाढवावी लागली असती, मला सांभाळावं लागलं असतं. म्हणून तू सोपा अर्थ घेतलास. म्हातारी-बितारी तू नंतर रचलीस.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तुझ्या पत्रात कुठेच नाही. मी दोन्ही बाजूंनी पाहिलं. संघर्ष काय बोलला?

कौसल्या


बाभुळगाव
३० नोव्हेंबर २०२५

धर्मपाल,

आईसाठी पाठवलेली शाल परत पाठवत आहे. तिला थंडी वाजत नाही. तिला मुलगा पाहिजे, आणि तो पार्सलात येत नाही.

तिचा उजवा हात आता उचलत नाही. मी घास भरवते. घास तोंडात घेऊन विचारते, "धर्मपाल कवा येते?" मी सांगते, त्याला फार काम आहे. ती म्हणते, "तूच येऊ देऊन नाही राह्यली त्याले." आपल्याच घरात मी आता खलनायिका झाली आहे. तुझ्यामुळे.

हे म्हणतात, पोरगा गेला, आता भाऊ कायले घालवतेस? मी म्हटलं, भाऊ मंगळवारीच गेला, पोरगा गुरुवारी.

प्रश्न तोच आहे. उत्तर नसेल तर पत्र पाठवू नकोस.

कौसल्या


बाभुळगाव
१८ जानेवारी २०२६

धर्मपाल,

हे पत्र मी तुझ्यावर दया येऊन लिहीत नाही. एक गोष्ट घडली. ती तुला न सांगणं लबाडीचं होईल, आणि लबाडी मी तुझ्यासाठी ठेवली आहे.

केर्स्टी नावाची मुलगी आली होती. संघर्षच्याच घरात भाड्याच्या खोलीत राहायची. तो आजारी पडला तेव्हा ती आपल्या गावी, कुठल्याशा बेटावर गेली होती. आता महिनाभर भारतात फिरायला आली, आणि यांना फोन करून विचारलं, येऊ का? मी नको म्हटलं असतं. यांनी मला विचारायच्या आधीच हो म्हटलं.

दोन दिवस राहिली. संघर्षच्या खोलीत झोपली. त्याच्या फोटोपुढे मेणबत्ती लावली, तीही कोणी न सांगता. ठेचा खाऊन डोळ्यांतून पाणी काढलं आणि पुन्हा मागितला. तिचं त्याचं काय होतं ते मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. मी तिच्याशी बेताचंच बोलत होते. तिच्याकडे पाहिलं की वाटायचं, हिनं त्याला शेवटची दोन वर्षं रोज पाहिलं आणि मी फोनच्या काचेत.

शिवाय तिची इंग्रजी मला अर्धीच कळे. वीस वर्षं इंग्रजी शिकवलेली बाई मी, आणि आई माझ्याहून जास्त बोलली तिच्याशी. आई वऱ्हाडीत, ती तिच्या बोलीत. दोघी खुशाल हसत होत्या.

परवा तिला धामणगावहून मुंबईची गाडी होती. शेजारच्या बबलूची गाडी सांगितली होती. आईनं तिचा हात सोडला नाही म्हणून निघायलाच उशीर झाला. पुढे जिनिंग मिलपाशी कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली. आम्ही अडकलो. केर्स्टीनं फोनमध्ये वेळ पाहिली आणि मला म्हणाली, "आय डाउट आय'ल मिस माय ट्रेन."

मी काय ऐकलं असेल ते तुला सांगायला नको.

मी बबलूला म्हटलं, "घाई करू नको बापू. तिले नाही वाटत गाडी चुकल म्हणून."

बबलू म्हणाला, "काकू, मले तं वाटते चुकल."

मी म्हटलं, "तिचं तिकीट आहे. तिले जास्त कळते का तुले?"

रांग सुटल्यावर बबलू गाडी पळवत होता, तर मीच त्याला थांबवलं. रस्त्याच्या कडेला संत्र्यांचे ढीग होते. म्हटलं, पोरगी रिकाम्या हातानं कशी जाईल? मी उतरली, भाव केला, एकेक संत्रं दाबून पाहिलं. ती गाडीत बसून होती. अंगानं ताठ, दोन्ही हात मांडीत. मला वाटलं, परक्या देशात आहे, अवघडली असेल. तिला वाटत होतं, मी सांगितलं तरी ही बाई संत्री काहून घेऊन राह्यली? पाहुण्यानं कितीदा सांगायचं? आणि घरच्या मोठ्या बाईला कसं सांगायचं?

आम्ही फलाटावर पोचलो आणि गाडीचा शेवटचा डबा पुढे गेलेला दिसला.

मी तिच्यावर रागावली. म्हटलं, तूच म्हणालीस ना गाडी चुकणार नाही म्हणून?

ती म्हणाली, "नाही. मी म्हटलं होतं, मला वाटतं चुकणार."

मग तिलाच आठवलं. म्हणाली, तिच्याकडे सगळे असंच बोलतात. तिची आजी आभाळाकडे पाहते, "आय डाउट इट'ल रेन," म्हणते आणि दोरीवरचे कपडे आत घेते. संघर्षही पहिल्या वर्षी तिच्या गावी गेला तेव्हा फसला होता म्हणे. आजीचं ऐकून छत्री न घेता गेला आणि चिंब होऊन आला.

मी फलाटावरच्या बाकावर बसली. तिला विचारलं, "डंडीतली एक नर्स मुलाच्या मामाला म्हणाली," आणि तू पाठवलेलं वाक्य म्हणून दाखवलं. मला ते पाठ आहे. झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवीन.

माझ्या हातातली संत्र्यांची पिशवी तिनं काढून घेतली आणि खाली ठेवली. मग अगदी सावकाश, मला प्रत्येक शब्द कळावा असं बोलली. "ती त्यांना सांगत होती की तुम्हाला बोलवून घ्या. तिनं स्पष्टच सांगितलं होतं." आणि मग विचारलं, "मामा कुठले?"

मी म्हटलं, लेस्टरला असतात, इंग्लंडात.

"मग त्यांना कळलं नसणार," ती म्हणाली. "लेस्टरच्या गोऱ्या माणसालाही कळलं नसतं."

रात्रीच्या गाडीनं ती गेली. तोवर आम्ही तिथंच बसून होतो. ती माझा हात धरून रडली. मी रडली नाही. मला एकच दिसत होतं. ती गाडीत ताठ बसलेली, आणि मी बाहेर संत्री दाबून राह्यली.

तर आता लिहिते. म्हातारी तू रचली नव्हतीस. तू मला खोटं सांगितलं नाहीस. जे ऐकलंस तेच सांगितलंस. तुझ्या जागी मी असती तर मीही तेच ऐकलं असतं, आणि वर शब्दकोश दाखवला असता.

एवढंच. माफ केलं असं वर कुठे लिहिलेलं नाही. पुन्हा वाचून शोधू नकोस. नर्सला मी सात महिने शिव्या दिल्या, तिची मात्र माफी मागते, तिला कळणार नसली तरी.

वाक्याचा हिशेब संपला. आता माझा दुसरा प्रश्न उरला, आणि त्यात इंग्रजी नाही. माझा पोरगा तुझ्यापाशी काय बोलला? या वेळी लिही. नाही लिहिलंस तर आईची शपथ, तुला तिच्या मातीलाही बोलावणार नाही.

कौसल्या


बाभुळगाव
२२ फेब्रुवारी २०२६

धर्मपाल,

तुझं पत्र आलं. चार दिवस शाळेच्या पर्समध्ये घेऊन फिरली. यांना दाखवलं नाही. तू काय लिहिलंस ते तुलाच परत लिहून दाखवते, म्हणजे मी काय वाचलं ते तुला कळल.

"बुधवारी दुपारी त्यानं डोये उघडले. मले ओयखलं. म्हणे, मामा, आई निघाली का? मी म्हटलं, हो, निघाली. म्हणे, कुठलोक आली? मी म्हटलं, मुंबईले इमानात बसली. म्हणे, तिले सांग, स्वेटर वरच ठेव, बॅगीत खाली घालू नको, इथं उतरल्याबरोबर थंडी वाजते. मी म्हटलं, सांगतो. मंग तो झोपला. मंग उठलाच नाही, ताई."

आणि खाली लिहितोस, फोन का नाही लावला ते. "फोन लावला असता तर त्याले दिसलं असतं, तू घरीच हायेस. मी एकडाव निघाली म्हणून बसलो होतो. मंग मले मागं फिरता नाही आलं."

फोन तुह्या खिशात होता. मी शेवटच्या तासाचा वर्ग सोडून ऑफिसात धावत आली असती. नसती दिसली इमानात, तर नसती. "रस्त्यात आहे बाबू," म्हटलं असतं. मले खोटं बोलता येत नाही का? तू एकट्यानं बोलून घेतलं. माह्या वाट्याचं खोटंही तूच बोललास.

दोन रात्री मले वाटलं, बरं केलं यानं. पोरगा आई येऊन राह्यली म्हणून झोपला. स्वेटरचं सांगून झोपला. मेल्यावर कोणाले कळते, आई आली का नाही? आणि तिसऱ्या रात्री उठून बसली. वाटलं, तू कोण होतास माह्या नावानं निघणारा? तो मले बोलावून राह्यला होता. आईले बोलाव, एवढाच त्याचा अर्थ होता. त्याले दुसरा अर्थ नव्हता. नर्स तिच्या गावच्या इंग्रजीत बोलली, तुले नाही कळलं, मी सोडून दिलं. कोणालेही नसतं कळलं. पण माह्या पोरानं तुले वऱ्हाडीत विचारलं, धर्मपाल. 'आई निघाली का?' आपल्या घरच्या बोलीत. त्यात तुले कोणता डाउट होता?

त्या वेळेले तुले कळलं होतं की नर्सचं तू उलटं ऐकलं. त्याच्या डोयाकडे पाहूनच कळलं असल. म्हणून तर हा प्रश्न तू सात महिने लपवला. बुधवारी मले फोन करून, "ताई, माहं चुकलं, तू निघ," म्हणाची तुही हिंमत नाही झाली. मी पोचली नसती. हे मलेही माहीत आहे, हिशेब येते मले. पण मी निघालेली तं असती. तू त्याले जे सांगितलं ते खरं झालं असतं.

हे माफ होत नाही. मी प्रयत्न करून पाहिला. विहारात जाऊन बसली, भंतेजींसमोर बसली. नाही होत. पुढं कधी होईल का, माहीत नाही. मले विचारू नको.

आता दुसरं.

आईनं मंगळवारपासून अन्न सोडलं. चमच्यानं पाणी घेते. डॉक्टर घरी येऊन पाहून गेले, म्हणाले, नेऊन फायदा नाही, जवळच्यांना कळवा. त्यांची भाषा मले समजली. तुह्यासाठी सोप्या मराठीत लिहिते: आई चालली.

हे पत्र पोस्टात टाकून तुले मिळेपर्यंत वेळ जाईल. म्हणून आज संध्याकाळी याचा फोटो काढून मोबाइलवर पाठवते. तुहा नंबर दुपारीच सुरू केला. फोन करू नको. मी उचलणार नाही.

काल तिनं डोये उघडले. मले म्हणे, "धर्मपाल निघाला का?"

मी म्हटलं, "हो, निघाला."

अजून तिनं पुढचं विचारलं नाही. पण विचारल. कुठलोक आला म्हणून विचारल, आणि मी तुह्यासारखं मनानं सांगणार नाही. विमानाचा नंबर पाठव. नागपूरला हे घ्यायला येतील. घरात आल्यावर माह्याकडे पाहू नको, पायाबिया पडू नको. सरळ आईपाशी जाऊन बस. तिच्या डाव्या हाताले हात लाव, उजव्यात तिले कळत नाही.

कौसल्या